राणीसाहेबांचा शाम्पू

१४ मार्च, गुरुवार

प्रिय भुणभुणे,

खुशाल असशील. मीही खुशाल आहे. आपल्या राणीसाहेबही खुशाल, म्हणजे आता आहेत, मध्यंतरी नव्हत्या. त्याबद्दलच लिहितो आहे. सात महिन्यांनी बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. तुझा तो घोड्यांचा दवाखाना कसा चाललाय?

तर झालं असं. गेल्या महिन्यात आपली ही राणी घोडी चिखलात लोळून आली. तू ठेवून गेलेला तिचा शाम्पू संपला होता. बाथरूमच्या फळीवर तुझी स्वतःची बाटली होती, ती फुलांच्या वासाची, अर्धीअधिक भरलेली. वाया कशाला घालवायची, म्हणून मी ती घोडीला लावली. हात सैल सोडून लावली, घोडीही गप उभी होती. फेस इतका झाला की खाली नुसते चार खूर दिसत होते. चौथ्या दिवशी मानेवर आणि पाठीवर पुरळ, आयाळीखाली कातडी लालभडक, आणि बाईसाहेब दिवसभर भिंतीला अंग घासतायत.

डॉक्टरीणबाई आल्या आणि माझ्यावरच उखडल्या. "काका, तुम्ही नालबंद ना? चाळीस वर्षं घोड्यांत काढलीत, आणि माणसाचा शाम्पू लावलात?"

मी म्हटलं, "बाई, मी घोड्यांच्या पायांत काढली चाळीस वर्षं. खुराला नाल मारला की मी मोकळा. गुडघ्याच्या वरचा घोडा पोरीकडे होता."

त्या हसल्या नाहीत. घोड्यांसाठीचा सौम्य, बिनवासाचा शाम्पू लिहून दिला. बादलीभर पाण्यात कालवून लावा, आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून एक दिवस वाट बघा, मग आठवड्यातून दोनदा, आणि फेसाचा थेंबही अंगावर राहता कामा नये. नाहीतर पुरळ पोटाखाली उतरेल आणि घोडीचे हाल होतील, म्हणाल्या.

शाम्पू मिळाला, पण घोडी हाताला लागेना. पहिल्या दिवशी मी नळी पूर्ण सोडली आणि थेट पाठीवर धरली. लाथ बादलीला बसली. बादली चेपली, गुडघा वाचला. मग आठवलं की तू आधी खुरांवर पाणी सोडायचीस, तिथून हळूहळू वर जायचीस, आणि कधीही मागे न जाता खांद्याशी उभी राहायचीस. दुसऱ्या दिवशी तसं केलं. पाणी कोमट केलं, खाली रबरी चटई टाकली, दोराला ओढताच सुटेल अशी गाठ मारली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी घोडीचे धरले. तरी कान मागे, शेपूट सपासप, मी एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन पावलं बाजूला. तिसऱ्या दिवशीही तेच. पुरळ पोटाकडे उतरायला लागलं.

आता पुढचं वाचून हसू नकोस. चौथ्या दिवशी सकाळी मी तुझ्या बाटलीतला शाम्पू माझ्या डोक्याला लावला. या डोक्यावर शाम्पू लावण्याजोगं वीस वर्षांत काही उगवलेलं नाही, हे तुला माहीत आहे. टक्कल खसाखसा चोळलं आणि तसाच अंगणात गेलो. घोडीने मान लांब केली, माझं डोकं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग माझ्या खांद्यावरून फाटकाकडे बघत राहिली, बराच वेळ. आणि गप उभी राहिली. मी पाय धुतले, पोट, पाठ, मान धुतली. तोंडावर फवारा नाही मारला, डोळे-कान सांभाळून नुसता ओला स्पंज फिरवला. अंगावरून स्वच्छ पाणी गळेपर्यंत धुतलं, पाणी काढायच्या पट्टीने निथळवलं, वाळेपर्यंत उन्हात फिरवलं. एवढ्या वेळात तिने एक पाय उचलला नाही.

तेव्हापासून मंगळवारी आणि शनिवारी आम्ही दोघं न्हातो, आधी मी, मग ती. पुरळ गेलं. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हल्ली तुमच्या अंगाला फार छान वास येतो हो." मी म्हटलं, म्हातारपणी शौक सुचतात माणसाला.

बाटली संपत आली आहे. दोनदा पाणी घालून विसळून झाली. वरचा कागद भिजून निघून गेला, त्यामुळे नाव कळत नाही. तेवढं कळव, म्हणून हे पत्र.

इथेच सही करणार होतो. पण काल बुधवार होता. आंघोळीचा वार नव्हता, तरी मी डोकं धुतलं. घोडी बाहेर गवत खात होती, तिला पत्ताही नाही. मी डोकं वाळेपर्यंत जेवणाच्या टेबलाशी तुझ्या खुर्चीसमोर बसून होतो. आणि ती बाटली पहिल्यांदा घोडीला लावली, तीही वाया जाईल म्हणून नव्हे. आई गेल्यापासून या घरात आपण दोघंच होतो, आणि तू गेल्यावर अंगणात नुसता शेणाचा आणि लोखंडाचा वास उरला. तिथे तुझा वास यावा म्हणून लावली. बिचारीला फुकट त्रास झाला.

आणखी एक. तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशी मी म्हणालो होतो, "जायचं तर जा, तुझ्यावाचून इथलं काही अडत नाही." सकाळी तू फाटकाशी बॅगा घेऊन उभी होतीस. "बाबा, येते" म्हणून दोनदा हाक मारलीस. मी मागून ओरडलो, घोडीला आंघोळ घालतोय, हात रिकामे नाहीत. घोडी कोरडी होती गं. मी नळी जमिनीवर सोडून नुसता उभा होतो, तुझी गाडी गेलेली ऐकू येऊ नये म्हणून. तरी ऐकू आलीच.

नाव कळवलंस तर बाटली मी इथेच विकत आणीन. तू स्वतः घेऊन आलीस तर घोडीला बरं वाटेल, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. मला बरं वाटेल.

शाम्पू एका शनिवारपुरताच उरला आहे.

तुझ्यावाचून अडलेला,
बाबा