माझी ओळ

सोमवार, ३
लागले बाई एकदाची कामाला. ताईच्याच कंपनीत, ताईच्याच हाताखाली. टेबल खिडकीजवळ मिळालं, खुर्ची जरा डुगडुगते, पण आता ती माझी आहे. काम सोपं. कंपनीत बायका किती, पुरुष किती, कुणाचं वय काय, अपंग किती, हे दरवर्षी कामगार खात्याला कळवायचं. माणसामागे एक ओळ. ताई म्हणाली, आमच्या अहवालात खात्याला आजवर एकही चूक सापडलेली नाही. भाऊजीही इथेच, गोदामात. डबा तिघांनी मिळून खाल्ला. मी इतकी बडबडले की ताई म्हणाली, मध्ये जरा श्वास घे.

गुरुवार, ६
शिपाईमामांशी गट्टी जमली. केस पांढरेशुभ्र, हात थरथरतात, निम्मा चहा बशीत सांडतो. वय विचारलं तर म्हणाले, चौतीस. मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत.

दुपारी त्यांची फाइल काढली. दाखल्याप्रमाणे चौतीसच. दोन वर्षांपूर्वी रुजू झाले तेव्हाचा फोटोही आहे, केस काळेभोर. गेल्या वर्षीच्या अहवालात मात्र वय त्र्याहत्तर. तेहेतीस टाइप करताना पहिल्या तीनाच्या जागी सात पडलाय. फाइल बंद करून ठेवली.

सोमवार, १०
ताईला विचारलं. म्हणाली, नसत्या चौकशा करून डोकं खाऊ नकोस. मग लाडात येऊन सांगितलं की यंदा सरकारी कोट्यात कर्णबधिर कर्मचारी एक कमी पडत होता, म्हणून तिने माझ्या ओळीत खूण केली. नुसती कागदावर, तुझं काय जातंय. अहवाल सकाळीच गेला. राग आला, पण नोकरी तिनेच लावलीय.

बुधवार, १२
लेकीचा फोन. सहा वर्षांची आहे, आईकडे ठेवलीय. काय म्हणतेस, काय म्हणतेस, असं तीनदा विचारलं. शेवटी तीच कंटाळली. सर्दी असेल.

गुरुवार, १३
पंखा फिरतोय, आवाज नाही. कानापाशी टाळी वाजवून पाहिली. नाही.

अहवालाचा कच्चा खर्डा उघडला. खूण आधी भाऊजींच्या ओळीत होती. ताईने ती काढून माझ्या ओळीत टाकली. शिपाईमामांचं काय झालं ते तिला पक्कं ठाऊक होतं — टाइप तिनेच केलं होतं. सख्खी बहीण, आणि केसाने गळा कापला माझा.

शुक्रवार, १४
दुरुस्तीची मुदत आज पाचपर्यंत. माझी खूण काढली तर दुसऱ्या कुणाला तरी द्यावीच लागते, नाहीतर दुरुस्तीचा अर्ज पुढे जात नाही. शिपाईमामांच्या ओळीवर थांबले — त्यांचं अजून काय काय घ्यायचं — नाही जमलं. भाऊजींनाही नाही. त्यांनी काय केलंय.

तोंड धुवून आले तर ताई माझ्या खुर्चीत. रडत होती. कागदावर लिहून दिलं: खात्याचं पत्र आलंय, दृष्टिहीनही एक कमी आहे. दोन घरं कशाला बुडवायची, तुझं तर झालंच आहे —

पाच वाजून गेले.

दिवे लावलेत ना? ओळी एकमेकींवर चढतायत — लेकीचा फोटो डोळ्यांशी धरलाय — कपाळ दिसतंय, नाक — हसतेय का ती, का