कमांडरची बाजू

पप्पा,

आज सकाळपासून एका बापाच्या तोंडी मराठी घालायला बसले आहे आणि दुपारचे तीन वाजले तरी एक वाक्य जमलेलं नाही. मालिका अंतराळातली आहे. बाप एका लांबच्या चंद्रावर खाणीत कामाला गेलेला, मुलगा मागे पृथ्वीवर वाढलेला. पंधरा वर्षांनी दोघं एका यानाच्या अरुंद बोळात समोरासमोर येतात. मूळ मालिकेत बाप सहा-सात शब्द बोलतो. त्याचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्या वेळात बसेल एवढंच मराठी मला लिहायचं असतं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. स्टुडिओतून दोनदा फोन येऊन गेला. शेवटी लॅपटॉप मिटला आणि वही घेतली. शिरूरच्या या दोन खोल्यांत दिवसभर माझाच आवाज असतो. लिहिलेला संवाद मोठ्यानं म्हणून बघावा लागतो, आधी बापाचा, मग मुलाचा, मग यानातल्या संगणकाचा. शेजारच्या वहिनींना पहिले काही महिने वाटायचं की माझ्याकडे सारखे पाहुणे असतात. एकदा त्यांनी विचारलंही, "एवढी माणसं येतात, पण जिन्यात कुणी दिसत नाही कसं?"

तुमच्याशी मी आयुष्यात जे काही बोलले त्यातलं बहुतेक टीव्हीसमोरच बोलले. एरवी तुम्ही घरात असायचात ते झोपायला आणि बायबल वाचायला. कुरकुंभच्या केमिकल कंपनीतली शिफ्ट संपली की कंपनीची बस तुम्हाला चौफुल्याला सोडायची, तिथून सायकलवर घरी. आल्या आल्या मागच्या नळावर आंघोळ, मग उंबरा ओलांडायचा. आई तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी तो गोडसर, डोळ्यांत जाणारा वास तुमच्या उशीला असायचाच. चर्चमध्ये तुम्ही पंच होतात, कारभार बघणाऱ्यांतले, त्यामुळे आम्ही दुसऱ्या बाकावर, मान वळवायची नाही, खोकायचं नाही. पण रविवारी अकराला ती मालिका लागायची, परदेशी, हिंदीत बोलणारी, आणि उपासना संपायची पावणेअकराला. शेवटचा आशीर्वाद झाला की बाकीचे पंच दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवायचे आणि तुम्ही मात्र मागच्या दारानं. पाळकसाहेबांनी एकदा आईला विचारलं, "यांना पोटाचा काही त्रास आहे का?" आई हो म्हणाली.

त्या मालिकेत एका मोठ्या यानाचा कमांडर होता, पांढऱ्या केसांचा, ओठ मिटलेला. त्याची मुलगी त्याच यानावर वैमानिक होती. ती त्याला बाबा म्हणायची नाही, कमांडर म्हणायची. लहानपणी तिला कुठल्याशा तळावर परक्या लोकांजवळ सोडून तो मोहिमेवर गेला होता, ते ती विसरली नव्हती. प्रत्येक भागात कुठलं तरी संकट यायचं, पण आपण दोघं संकट बघतच नव्हतो. आपण त्या दोघांना बघायचो. एका भागात यानाचा एक कप्पा फुटतो आणि बाहेर जाऊन झडप बंद करायला तो तिलाच पाठवतो. एक शब्द न बोलता, नुसती मान हलवून. मी म्हणाले, "निघताना काहीतरी बोलायचं ना त्यानं. परत आली नसती तर?"

"बोलून व्हॉल्व्ह बंद होतो का?" तुम्ही म्हणालात. "शिफ्ट इनचार्जनं पोरगी बघायची न्हाई, काम बघायचं. तिला पाठवली, म्हंजी तिला जमतंय हे त्याला ठावं हाय."

"मग तेच सांगायचं तिला."

"सांगायचं कशाला? पाठवली न्हाई का?"

आई दारात तांदूळ निवडत बसलेली. "एवढं मोठं यान, आन् एक चूल न्हाई कुठं," ती म्हणाली. "ह्या पोरीला जेवायला कोण घालतं?" तुम्ही हसलात. मग पडद्याकडे बोट दाखवून मला सांगितलंत की मागच्या भिंतीवरचा प्रेशर गेज त्यांनी उलटा लावलाय. तुम्ही कायम कमांडरची बाजू घ्यायचात, मी कायम तिची. दोन वर्षं आपण असं भांडलो. घरात इतकं मोकळं भांडण दुसरं कुठलंच नव्हतं.

बारावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सिंगच्या शाळेत माझं नाव घालून आला होतात. आपल्यात हुशार मुलगी नर्स व्हायची, त्यात विचारण्यासारखं कुणालाच काही वाटत नव्हतं. मला दौंडच्या कॉलेजात बी.ए. करायचं होतं. ते मी आईला सांगितलं होतं, आईनं तुम्हाला सांगितलं असेल किंवा नसेल. त्या रविवारी मालिकेत कमांडर मुलीला न विचारता तिची बदली दुसऱ्या यानावर करून टाकतो. ती त्याच्या खोलीत येऊन आरडाओरडा करते. तुम्ही म्हणालात, "बरोबर केलं. तिचं भलं कशात हाय ते त्याला कळतं."

"विचारलं का त्यानं तिला?"

"त्यात इचारायचं काय?"

"मला विचारलं होतं का तुम्ही?"

तुम्ही पडद्यावरून नजर काढली नाहीत. तिकडे बघतच म्हणालात, "आता हे टीव्हीचं चाललेलं न्हाई."

"नाही," मी म्हणाले. "त्या पोरीला बाप नाही, साहेब आहे. मलापण."

तुम्ही उठून टीव्ही बंद केलात. पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला होता, तो जाईपर्यंत उभे होतात. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणालात, "जूनमधी जायचंय. ब्याग भरून ठेव."

मी गेले. जळीत वॉर्डात तिसऱ्या दिवशी मला भोवळ आली, मग जवळजवळ रोज यायला लागली. मेट्रन वाईट नव्हत्या. त्या म्हणायच्या, सवय होते. तीन महिने मी सवय व्हायची वाट बघितली आणि एका सकाळी कुणालाही न सांगता स्टेशन गाठलं. दौंडला उतरायचं ठरवलं होतं, आपल्या केडगावला नाही, कारण केडगावच्या स्टेशनावर सगळे ओळखीचे. दौंडला उतरून पुढे काय, ते ठरवलं नव्हतं. गाडी फलाटाला लागली आणि मी खाली उतरते तर समोरच्या बाकावर तुम्ही. अंगावर कंपनीचे निळे कपडे, म्हणजे आंघोळसुद्धा न करता आलेले. मेट्रननी कंपनीत फोन केला असणार, पण मी दौंडला उतरणार हे कसं ओळखलंत ते तुम्हालाच माहीत. तुम्ही चहा सांगितलात. चहावाला माझ्या हातात कप देताना म्हणाला, "सकाळपास्नं बसल्यात. ही तिसरी गाडी बघितली त्यांनी."

मी तो कप धरून बसले आहे. तुमच्या कपड्यांचा वास येतो आहे. मला वाटतं आहे, आता परतीच्या गाडीचं तिकीट काढतील. तुम्ही वडापाव आणलात, एकच, माझ्यासाठी. मी अर्धा खाल्ला तेव्हा म्हणालात, "घरी सांगू, तब्येत बरी नव्हती. डॉक्टरनीच पाठवून दिली."

"पण ते खोटं आहे."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "मी सांगतो. तू नुसती गप बस."

आणि तुम्ही सांगितलंत. आईला सांगितलंत, पाळकसाहेबांना सांगितलंत, बुधवारच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभं राहून माझ्या प्रकृतीसाठी प्रार्थनासुद्धा केलीत. चर्चच्या हिशोबात आठ आण्यांचा फरक आला तर झोप न लागणारा माणूस देवासमोर डोळे मिटून खोटं बोलला. मी तुमच्या मागे मान खाली घालून बसले होते. तेव्हा मला वाटलं, याला माझी लाज वाटते म्हणून झाकतो आहे. त्याच समजुतीवर मी पुढची तीस वर्षं काढली. आता कधीकधी दुसरंही काही वाटतं. पण ज्यानं सांगायचं तोच नाही, त्यामुळे हल्ली मी दोन्ही बाजू म्हणून बघते, संवादांसारख्या, आणि कुठलीच पक्की होत नाही.

बी.ए. मला करू दिलंत. पण मालिका बघायला पुन्हा बसला नाहीत. रविवारी अकराला तुम्ही अंगणात सायकल उलटी करून तिची साखळी पुसत बसायचात, दार उघडं ठेवून. आत मी एकटी. तुम्हाला ऐकू जात होतं, हे मला माहीत होतं. मी मुद्दाम आवाज कमी करायचे. एकदा तुम्ही आईला विचारलंत, "ती पोरगी दुसऱ्या यानावर गेली का?" आईनं मला विचारलं. मी म्हणाले, "त्यांना बघायचं असेल तर आत येऊ देत." तुम्ही आला नाहीत. महिन्याभरानं मालिका संपली. ती गेली नव्हती, पप्पा. कमांडरनं शेवटी बदलीचा हुकूम फाडला. तेवढं तुम्हाला दारातून सांगायला काय झालं होतं मला?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. रांजणगावच्या कंपनीत मी मशीनवरच्या सूचना मराठीत करायचे, बोट घालू नये, आधी वीज बंद करावी. त्यातून हे काम मिळालं. तुम्ही कुणाला तरी अभिमानानं सांगितलंत असं कधी कानावर आलं नाही, आणि नावं ठेवल्याचंही नाही. लग्न मी केलं नाही, त्यावरही तुम्ही काही बोलला नाहीत. आई गेल्यावर मी दर शनिवारी न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून स्कूटरवर यायला लागले. दोन दिवसांची भाजी करून ठेवायचे, चादरी धुवायचे. आपण वाऱ्याबद्दल, पाण्याच्या पाळीबद्दल बोलायचो. मग तुमच्या घशाचं निघालं, ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. डॉक्टरांनी सांगितलं, लिहून बोलू द्या. मी बाजारातून शाळेच्या मुलांची पाटी आणली. तुम्ही तिच्यावर लिहायचात, 'मीठ', 'पंखा', 'उद्या लवकर जा, ऊन हाय'. बोलायचात तसंच लिहायचात. आवाज होता तेव्हापेक्षा त्या सात महिन्यांत तुम्ही माझ्याशी जास्त बोललात.

शेवटच्या महिन्यातल्या एका रविवारी, जेवण झाल्यावर, तुम्ही टीव्हीकडे आणि मग माझ्याकडे बोट केलंत. म्हणजे, तू लिहिलेलं लाव. मी हीच, चंद्रावर गेलेल्या बापाची मालिका लावली, तिचा पहिला भाग. आपण तीस वर्षांनी पुन्हा शेजारी बसलो होतो. तुम्ही गेज बघितलेत, पाइप बघितलेत, नाक मुरडलंत. मग तो प्रसंग आला. चंद्रावर निघालेला बाप छोट्या मुलासमोर गुडघे टेकून बसतो आणि माझ्या मराठीत म्हणतो, "बाळा, माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे, हे कधीही विसरू नकोस." तुम्ही पाटी घेतलीत आणि लिहिलंत, 'बाप आसं बोलत न्हाई.'

मला राग आला. तीन दिवस घासलेलं वाक्य होतं ते. "मग कसं बोलतो?" मी विचारलं. "सांगा ना. कसं बोलतो?"

तुम्ही पाटीवरचं तळव्यानं पुसलंत. पाटी मांडीवर सरळ केलीत. टीव्हीवर यान उडून गेलं होतं, तिकडे तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही 'पोरी' लिहिलंत. स्वल्पविराम दिलात. पुढचं अक्षर लिहायला पेन्सिल टेकवलीत आणि तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात, मंगळवारी, मी शिरूरला असताना. मातीला सगळे आले होते. आत्यानं मला जवळ घेऊन विचारलं, "शेवटी काय लिवलं का गं तुझ्यासाठी त्यानं?" मी म्हणाले, "लिहायला घेतलं होतं, पण मग स्वतःच पुसून टाकलं." आत्या म्हणाली, "तसाच व्हता तो." तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगत आले. मैत्रिणींना सांगितलं, पाळकसाहेबांच्या मुलाला सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते तसंच दिसायला लागलं होतं.

पाच वाजत आले. स्टुडिओला मी 'मला माफ कर, बाळा' असं पाठवून देईन. ओठांत नीट बसतं, त्यांना चालेल. हे पत्र कुठं पाठवायचं तो प्रश्नच नाही. वहीतच राहील.

ते 'पोरी' तुम्ही पुसलं नाहीत, पप्पा. पाटी मी तुमच्या हातातून काढून घेतली. "राहू द्या, दमाल," म्हणाले आणि ओल्या फडक्यानं पुसून खिडकीत ठेवली. तुम्ही जराही दमला नव्हतात. रागाचं काही लिहिलं असतंत तर मी वाचलं असतं, त्याची मला सवय होती.