दादाचे गुरुवार

गुरुवार, ७ मार्च
दादाने आज आरशावर डोकं आपटलं. ह्यांचा फोन आला — तुझा भाऊ पिसाळलाय, ये! हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी तशाच टाकून धावत आले. कपाळावर सात टाके. धरायला गेले तर त्याने माझा उजवा अंगठा उलटा पिरगाळला. कट्कन आवाज आला. अडतीस वर्षांचा, दार भरून टाकणारा माझा भाऊ — आणि टाके घालून झाल्यावर माझ्याच कुशीत तोंड खुपसून बसला.

सोमवार, ११ मार्च
विद्यापीठाच्या ऑटिझम केंद्रात गेलो. मला वाटायचं तिथे फक्त लहान मुलं घेतात. तसं नाही, मोठ्यांनाही घेतात, गरज पडली तर काही दिवस ठेवूनही घेतात, घरच्यांनाही शिकवतात. तिथल्या बाईंनी माझं प्लास्टर पाहिलं, पण आधी दादाला विचारलं, कुठे दुखतंय? आई गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.
एक तक्ता दिलाय. दर वेळी लिहायचं — आधी काय झालं, मग काय झालं, कुणाला लागलं.
घरी हे हसले. म्हणाले, आता वेड्याची हजेरी घे.

बुधवार, १३ मार्च
संध्याकाळभर दादाचं एकच. "उद्या नको." काय नको ते सांगत नाही. स्वतःचं मनगट चावून रक्त काढलं.

गुरुवार, १४ मार्च
पुन्हा! ह्यांच्या गालावर ओरखडे, खुर्चीचे तुकडे. आधी काय झालं? हे म्हणाले, काहीच नाही. तसंच लिहिलं.

गुरुवार, २१ मार्च
खिडकी फोडली. काच त्याच्या दंडात घुसली. आधी — काहीच नाही.

सोमवार, २५ मार्च
अजून डाव्याच हाताने लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.
बाईंनी कागद शेजारी-शेजारी मांडले. म्हणाल्या, "गुरुवारी घरी कोण असतं?"
ह्यांची सुट्टी असते, मी म्हणाले.
बाईंनी दादाला विचारून त्याचा शर्ट वर केला. पाठभर वळ. काळे, हिरवे, ताजे लाल, एकावर एक. तो आंघोळ स्वतः करतो, म्हणून मी कधी पाहिलंच नाही. कपडे मात्र मीच धुते. रक्ताचे डागही मीच काढले असणार!
बाई म्हणाल्या, घरी जाऊ नका, आत्ताच तक्रार करू. मी ऐकलं नाही. घर माझ्या आईचं आहे.
संध्याकाळी ह्यांना तोंडावर विचारलं. नाकारलंही नाही. म्हणाले, असाच सरळ होतो तो. कमरेचा पट्टा सोडला. बक्कल वाजलं आणि दादा आपणहून जमिनीवर पालथा झाला. शर्ट स्वतःच वर केला.
तीन गुरुवारी दादा उलटला, तेवढेच मला कळले. बाकीचे गुरुवार असे गेले, मुकाट मार खात.
मी इस्त्री उचलली. पट्टा धरलेल्या हातावर घातली. हे खाली बसले तरी घातली. थांबले ती दादाने कान झाकून किंचाळायला सुरुवात केली तेव्हा.

मंगळवार, २६ मार्च
पोलिसांत माझा आणि नवऱ्याचा जबाब झाला. बाई सोबत होत्या. तो आता त्याच्या भावाकडे राहील, इथे पाऊल टाकायचं नाही असं लिहून घेतलंय. त्याला ह्यापुढे "हे" म्हणणार नाही.

गुरुवार, ४ एप्रिल
काहीही फुटलं नाही. दादा दुपारभर झोपला. मी दारात बसून त्याचा श्वास मोजला.

मंगळवार, ९ एप्रिल
दादा बूट घालेना. मला उशीर होत होता. त्याने काहीच केलं नव्हतं. मी दोन सणसणीत ठेवून दिल्या. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा हातात बूट होता.
बाईंना मीच फोन केला. म्हटलं, त्याला काही दिवस ठेवून घ्या. माझ्यापासून लांब.