नदीच्या बोटीबद्दल माझे आक्षेप

सेक्टर २, भिलाई
८ फेब्रुवारी

प्रिय प्रांजली,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. वीस तारखेपर्यंत तुला त्या डॅन्यूबच्या बोटीचा होकार कळवायचा आहे आणि आम्हा दोघांचे पासपोर्ट मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत, हे आईने तुला सांगितलंच असेल. रागानेच सांगितलं असेल. माझी बाजू मात्र तुला कोणी सांगितली नसणार, म्हणून लिहायला बसलो. या बोटीच्या प्रकरणात कुठेतरी पाणी मुरतंय असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

तूच आठव. पहिली सफर सिंगापूरहून, मी रिटायर झालो त्या वर्षी. दुसरी गेल्या मे महिन्यात बार्सिलोनाहून. सोळा मजल्यांचं जहाज, चार हजार माणसं, आणि जेवायला कुठल्या मजल्यावर बसायचं यावरून रोज आमचं भांडण. आईला ते सगळं आवडलं होतं. पहाटे ओढणी कमरेला बांधून ती सगळ्यात वरच्या डेकवर वाऱ्यात फेऱ्या मारायची आणि मी दमलो की मला म्हातारा म्हणून चिडवायची. लग्नाला चाळीस वर्षं होतील तेव्हा नॉर्वेकडचं मोठं जहाज घ्यायचं, हे पहिल्या दोन दिवसांतच ठरलं होतं. मी घरी येऊन माहिती काढली, केबिनसुद्धा हेरून ठेवली. आणि दिवाळीनंतर तुम्ही मायलेकींनी एकदम समुद्र सोडून नदी धरली. पासाऊला बसायचं, बुडापेस्टला उतरायचं, मजले तीन, प्रवासी एकशे साठ. मला कोणी विचारलं नाही, नुसतं माहितीपुस्तक हातात दिलं.

चौतीस वर्षं मी रेल मिलमध्ये इन्स्पेक्शन केलं आहे. समोर आलेला रूळ चांगलाच असेल असं मी कधी धरून चाललो नाही. चीर असणारच, आपल्याला अजून दिसलेली नाही, असं समजून बघायचं आणि मगच सही करायची. तसंच ते पुस्तक वाचलं. खालच्या मजल्यावरच्या केबिनची खिडकी पाण्याला टेकलेली, आणि ती उघडत नाही. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी झालं तर बोट अडते आणि प्रवाशांना बसमध्ये घालून पुढे नेतात. पाणी फार वाढलं तर बोट पुलाखालून जात नाही, तेव्हाही बसच. बसमध्येच बसायचं तर दुर्गहून अहिवाऱ्याला जाता येतं, त्याला व्हिसा लागत नाही. संध्याकाळी करमणूक म्हणजे एक गृहस्थ गळ्यात अडकवून पेटीसारखं काहीतरी वाजवणार. जेवणघर एकच, माणसं तीच ती, त्यात एखादा चिकट निघाला तर आठ दिवस पळणार कुठे? हे सगळे आक्षेप मी कागदावर लिहून आईपुढे ठेवले. तिने त्या कागदावर वाटाण्याच्या शेंगा सोलल्या.

माझा पहिला संशय तुझ्यावर आणि जावयावर होता. वाटलं, हर्षलने तुझ्या डोक्यात भरवलं असेल की या दोघांना आता लहान बोटच बरी. दुसरा संशय मात्र वाईट होता. आई तुझ्याशी बोलायला फोन घेऊन मागच्या अंगणात जाते आणि मी दाराशी दिसलो की गप्प होते. तू तर दिवाळीपासून मला एकदाही फोन केला नाहीस, जे काही असेल ते आईशी. मग मला खरंच भीती वाटायला लागली. हिला काहीतरी मोठं दुखणं आहे, म्हणून हिला दवाखान्यापासून लांब समुद्रात जायचं नाही, आणि मायलेकी माझ्यापासून लपवताहेत, असं मी धरलं. ती देवळात गेली की मी तिचा औषधांचा डबा उपसायचो. एकदा तर चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ब्लडप्रेशरची एक गोळी, बाकी तुमच्यापेक्षा त्या ठणठणीत आहेत. मला त्यांचाही संशय आला. संध्याकाळी फिरताना मारोतरावांना सांगितलं. ते आमच्याच मिलमध्ये क्रेनवर होते, ओळखतेस तू. त्यांनी सल्ला दिला की वहिनींनाच सरळ विचार. सरळ विचारण्याची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे.

परवा पासपोर्टांबरोबर ते पुस्तकही कपाटात टाकावं म्हणून उचललं, तर मधल्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. आईच्या हाताच्या. बोटीवरून दोन्ही काठ कायम दिसतात, या ओळीखाली एक रेघ. स्वागताच्या टेबलावर चोवीस तास माणूस असतो, त्याखाली दुसरी. आणि केबिनच्या नकाशात न्हाणीघराच्या चौकोनावर तिने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, इथे घंटा आहे का? काठ आणि माणूस मी सोडून दिले. घंटेशी मात्र अडलो. पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं.

तिने गॅस बंद केला. समोर आली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली, "जहाजावर मी पडली तवा अर्धा घंटा तुमाले हाका मारून राहिली होती. तुम्ही तिथंच बसले होते. तुमाले ऐकूच नाही आलं."

मी विचारलं, मग नदीच कावून? तर म्हणाली, "नदीवर काठ दिसते. कोणाले ना कोणाले ऐकू जाईन."

आता मी त्या दिवशी काय पाहिलं ते तुला सांगतो. बार्सिलोनाच्या सफरीचा पाचवा दिवस, जहाज दिवसभर समुद्रातच होतं. मी बाल्कनीत पाठ फिरवून खुर्चीवर बसलो होतो. आत आलो तेव्हा आई पलंगावर, पाय उशीवर, केबिन आवरणारी बाई बर्फ धरून बसलेली आणि शेजारच्या केबिनमधली एक म्हातारी दारात उभी. आई म्हणाली, आत्ताच घसरली, जरासा मुरगळला. मी तिलाच रागावलो की ओल्या फरशीवर नीट बघून चालता येत नाही का. पुढचे दोन दिवस तिचा घसा बसला होता. मी म्हणालो एसीने. ती शेजारीण मला लिफ्टमध्ये भेटली की डोळे मोठे करून काहीतरी बोलायची. हिला आपली माणसं खपत नाहीत असं समजून मीही तिच्याकडे खुन्नसने बघायचो. आता आईकडून कळलं, त्या शेजारणीनेच भिंतीपलीकडून हाका ऐकल्या, आमचं दार ठोठावलं, कोणी उघडेना म्हणून माणसं बोलावली. दार ठोठावलेलंही मला ऐकू आलं नव्हतं. अख्ख्या जहाजावर मी सगळ्यांवर संशय घेतला, प्रांजली, फक्त स्वतःच्या कानांवर घेतला नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे, ते खोडत नाही, पण खरं काय ते लिहितो. मला चारेक वर्षांपासून कळत होतं. मिलमध्ये गरम रूळ कापणारी करवत सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही सगळे हाताच्या खुणांनी आणि ओठ बघून कामं करायचो. मारोतराव चाळीस फुटांवरून क्रेनमध्ये काय पुटपुटले ते मी सांगायचो. कानात घालायचे बोळे मिळायचे, ते मी खिशात ठेवायचो, कारण रुळाच्या आवाजावरून मी खोट ओळखतो अशी मला घमेंड होती. मग ऐकू येईनासं झालं तरी निभावून गेलं. समोरच्याचे ओठ दिसले की मी उत्तर देतो, कोणाला पत्ता लागत नाही. आई समोर असली की तिचे ओठ दिसतात. ती न्हाणीघरात पडलेली असली की दिसत नाहीत. तिने मला शरमायला लागू नये म्हणून नऊ महिने हे पोटात ठेवलं, तुझ्याशी अंगणात जाऊन बोलली, समुद्र सोडला. मला फार लाज वाटते आहे.

तेव्हा होकार कळवून टाक. पासपोर्ट आईच्या हातात दिले आहेत आणि मंगळवारी दुर्गला कान तपासायला जातो आहे, मशीन लागलं तर लावीन. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही, तेवढं आईनेही कळवलं असतं. दिवाळीच्या पाडव्याला तू मला फोन केला होतास, साधा, व्हिडिओ नसलेला. मी आज मोबाइलमध्ये बघितलं, बारा मिनिटं बोललीस. मला त्यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. तू थांबलीस की मी हो म्हणत होतो, आणि शेवटी, वा, छान झालं, असं म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर तू मला फोन केला नाहीस. आईला विचारलं तू काय सांगत होतीस. तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, पोरीने बापाले सांगतलं होतं, आता तुमीच पुसा तिले. म्हणून पुसतो आहे. ते छान नव्हतं एवढं मला कळलं आहे. त्या दिवशी तू मला काय सांगितलंस, ते सगळं पुन्हा एकदा मला लिहून पाठव, बेटा.

तुझाच,
बाबा