हिवरढोक स्टेशनच्या टोकावर अडकलेली गादी मोकळी करण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अभियंता साहेब,
छोटी लाईन विभाग,
विभागीय कार्यालय.

अर्जदार : सौ. रुखमाबाई देवराव गुल्हाने, रा. स्टेशन वॉर्ड, हिवरढोक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ.

विषय : रेल्वेच्या डब्याच्या टकरीत सापडलेली लग्नाची गादी, चाकाखाली दगड लावून, अर्जदार बाईंच्या ताब्यात मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदार बाईंचा पहिला अर्ज व त्यावरील शेरा ‘तपशील अपुरा’.
२) अर्जदार बाईंचा दुसरा अर्ज व त्यावरील शेरा ‘अनावश्यक मजकूर’.
३) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात गादीस ‘कार्यरत सुरक्षा उपकरण’ म्हटले आहे.

महोदय,

१. संदर्भातील दोन्ही शेऱ्यांखाली सही एकाच साहेबांची आहे. त्यामुळे किती लिहावे याचा अंदाज अर्जलेखकास येईनासा झाला असून या तिसऱ्या अर्जात जे घडले ते सगळे, घडले त्या क्रमाने लिहिले आहे. अर्जलेखकाची हयात तहसील कचेरीत गेलेली आहे. त्याला थोडक्यात लिहिता येते, परंतु थोडक्यात लिहून काही झाले नाही. साहेबांनी चहा मागवून, निवांत बसून वाचावे.

२. हिवरढोक हे आपल्या छोट्या लाईनचे शेवटचे स्टेशन. त्यापुढे रूळ नाहीत, अर्जदार बाईंचे घर आहे. डबा रूळ सोडून त्या घरात शिरू नये म्हणून रेल्वेने फार पूर्वी दोन रूळ उभे गाडून त्यांवर एक लाकडी स्लीपर आडवा ठोकला होता, आणि त्या स्लीपरला मधोमध एक बफर बसवला होता. छोट्या गाडीच्या डब्याला दोन बाजूंना दोन नव्हे, मधोमध एकच बफर असतो, हे साहेबांना सांगायला नको. स्लीपरवरचा हा बफर पुढे नाहीसा झाला. तो कोणी नेला याची चौकशी आपल्या कार्यालयात चालू आहे. अर्जदार बाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हाही ती चालूच होती.

गावात या जागेला ‘टोक’ म्हणतात. टोकावर दिवसभर ऊन असते आणि तिथे शेळ्यांचे तोंड पोचत नाही. म्हणून स्टेशन वॉर्डातल्या बायका मिरच्या, कुरड्या, गोधड्या तिथेच वाळवतात. स्टेशन मास्तरांच्या घरचे पापडही तिथेच वाळतात. ही तक्रार नाही, वहिवाट सांगितली.

३. बफर गेल्यावर डबे कशाने थांबत, असा प्रश्न साहेबांना पडेल. गाडी आली की इंजिन सुटे होऊन दुसऱ्या बाजूने लागायला जाते. तेवढा वेळ डबे मोकळे उभे असतात, आणि जमीन टोकाकडे थोडी उतरती आहे. पॉइंटमन उकंडा हा अशा वेळी चाकाखाली एक दगड लावतो. दगड काळा, चपटा, एका अंगाने घासून गुळगुळीत झालेला आहे. उकंडाच्या आधी त्याचा बाप हाच दगड लावत असे. या दगडाच्या जिवावर आजवर एकही डबा घसरला नाही. रेल्वेच्या कोणत्याही रजिस्टरात त्याची नोंद नाही.

४. आता गादीविषयी. साहेब बाहेरगावचे असल्यामुळे सांगणे भाग आहे की, या भागात कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून बायका पहिला कापूस वेचतात. अर्जदार बाईंना प्रियंका ही मुलगी झाली, त्या वर्षापासून सीतादहीच्या दिवशी वेचलेला कापूस त्यांनी कधी विकला नाही. जुन्या लुगड्यात बांधून तो माळ्यावर टाकला. बोंडअळीने शेत खाल्ले त्या वर्षी ओंजळभरच निघाला, तोही टाकला. ज्या साली खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरने बैलगाडीत हात न घालताच कापूस ‘कवडी’, म्हणजे अगदी हलक्या प्रतीचा, ठरवून परत पाठवला, त्या साली बाईंचे यजमान देवराव यांनी एकदा माळ्याकडे पाहिले होते. तेव्हा बाई म्हणाल्या, “त्याले हात नोका लावू. तो कापूस नाही, पोरीचं वय हाये ते.”

अर्जात हे वाक्य घेऊ नये असा सल्ला अर्जलेखकाने दिला होता. बाईंनी मानला नाही.

यंदा मुलीच्या लग्नाचे बोलणे सुरू झाले, तेव्हा गाठोडी खाली काढून सरकी वेगळी केली आणि बशीरभाई पिंजारी यांच्याकडून रुई पिंजून घेऊन एक गादी भरली. ती एवढी फुगली की दारातून उभी करून काढावी लागली. बशीरभाईंनी टाके घालताना विचारले होते की, ही गादी नवरानवरीची की हत्तीची.

५. फाल्गुनात अर्जदार बाईंनी गादीला ऊन देण्यासाठी ती टोकावरच्या स्लीपरवर टाकली. वारा सुटला होता, गादी सारखी घसरत होती. बाईंनी इकडेतिकडे पाहिले. रुळाच्या कडेला एक चपटा दगड पडला होता, तो उचलून त्यांनी गादीवर ठेवला. तो कोणता दगड होता हे साहेबांच्या ध्यानात आलेच असेल. गाडी यायला अवकाश होता, कारण ती कायम उशिरा येते. त्या दिवशी ती वेळेवर आली. याचा दोष अर्जदार बाईंना देऊ नये.

त्या दिवशी गाडीला एकच डबा होता. उतारू उतरले, इंजिन सुटे झाले. उकंडाने सवयीने, न पाहताच, दगडासाठी हात खाली नेला आणि हाताला माती लागली. त्याने घाईत विटेचा एक तुकडा चाकाखाली सारला. त्या तुकड्याचे पीठ झाले आणि डबा निघाला. चौकशीत उकंडाने सांगितले की, “मी लय आवाज देल्ले साहेब, पण डब्याले कुठी कान असते?” दगड हरवल्याचा ठपका ठेवून, वर हे उत्तर उद्धटपणाचे समजून त्याला घरी बसवण्यात आले आहे. ते उद्धटपणाचे नव्हते, तो घाबरलेला होता.

डबा रिकामा नव्हता. मुलाकडचे वामनराव ढोले, म्हणजे अर्जदार बाईंचे होणारे व्याही, साक्षगंधाची तारीख काढायला दारव्ह्याहून त्याच गाडीने आले होते. प्रवासात चुरगळू नये म्हणून नवे धोतर त्यांनी पिशवीत आणले होते, आणि डबा मोकळा झाल्यावर ते आत नेसत होते. डबा हलला तेव्हा त्यांना वाटले, इंजिन लागले. पुढे ‘धप्प’ असा आवाज झाला आणि वामनराव होते तसे बाकावर बसले. काच फुटली नाही. धोतराचा काठसुद्धा उसवला नाही. खाली उतरून त्यांनी डब्यापुढे दबलेल्या गादीला हात लावून पाहिला, कोणाची म्हणून विचारले, आणि तिथेच रुळात उभे राहून म्हणाले, “मले बाकी आंदण काही नोको. पोरगी द्या आन् ही गादी द्या.” सोयरीक अशी जुळली.

६. तेव्हापासून एका अंगाला डबा, दुसऱ्या अंगाला स्लीपर आणि मध्ये गादी, अशी स्थिती आहे. डब्याचा बफर गादीत रुतलेला आहे. इंजिन त्या दिवशी एकटेच परत गेले, कारण चौकशीशिवाय डब्याला हात लावायचा नव्हता. पहिला हुकूम आला की, सर्व वस्तू जैसे थे ठेवाव्यात. दुसरा हुकूम आला की, टोकावर मंजूर नमुन्याचा बफर बसेपर्यंत हिवरढोकला कोणतीही गाडी वा इंजिन येणार नाही. तिसऱ्या पत्राने कळवले की, बफर भांडारातून निघाला असून रेल्वेचे सामान रेल्वेनेच जात असल्याने तो हिवरढोकला गाडीने पोचेल.

ही तीन पत्रे अर्जलेखकाने पुन्हापुन्हा वाचली. गाडी बफरसाठी थांबली आहे, बफर गाडीसाठी थांबला आहे, आणि अर्जदार बाईंची गादी दोघांसाठी थांबली आहे. दारव्ह्याहून हिवरढोकला दिवसभर जीपा भरभरून येतात. त्यातल्या एकीच्या टपावर बफर टाकता येईल, असे देवरावांनी स्टेशनात जाऊन सांगितले. त्यांना ‘तुम्ही रेल्वेत आहात काय’ असे विचारण्यात आले.

७. दरम्यान साहेबलोक पाहणीला आले. येणारा प्रत्येक जण गादीच्या खोळीत बोटे घालून नमुना म्हणून मूठभर रुई ओढून नेतो. एकाने ती कागदात बांधून नेली. एकाने तिचा बोळा करून कान साफ केला. अर्जदार बाई समोर उभ्या होत्या. त्यांना ते सहन झाले नाही, आणि का होऊ नये ते साहेबांना परिच्छेद चार वाचल्यावर कळण्यासारखे आहे.

यातला एक नमुना तपासणीसाठी खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरकडे गेला. हे तेच गृहस्थ, ज्यांनी त्या साली बैलगाडी परत पाठवली होती. त्यांनी लिहून दिले आहे की, ‘कापूस उत्तम प्रतीचा असून दाब सहन करून पुन्हा फुगण्याचा गुण समाधानकारक आहे.’ देवरावांनी तो दाखला अर्जलेखकाकडून दोनदा वाचून घेतला. मग ते बाहेर जाऊन निंबाखाली पाठ करून बसले. अर्जलेखकाला तेव्हा फार वाईट वाटले. अर्जात अशी नोंद करण्याची पद्धत नाही, परंतु ती केली आहे.

त्यानंतर रंगारी येऊन गादीवर तांबडे-पांढरे पट्टे ओढून गेला आणि तिला नंबर पडला. अर्जदार बाई रोज सकाळी जाऊन गादी झटकतात. त्याबद्दल आपल्या पत्रात ‘उपकरणाची देखभाल समाधानकारक’ असा उल्लेख आला असून त्याच प्रकारची एक जादा गादी तयार ठेवण्याविषयी बाईंना सुचवले आहे. त्यासाठी बाईंना आणखी एक मुलगी होऊन ती लग्नाची व्हावी लागेल. वयोमानाने ते जमण्यासारखे नाही.

८. आपले म्हणणे असे की, गादी काढल्यास डबा पुढे घसरेल. हे अगदी बरोबर आहे. परंतु डबा घसरू नये यासाठीच तो दगड आहे. चाकाखाली दगड लावा, डबा पहारीने टीचभर मागे ढकला, आणि गादी ओढून घ्या. वॉर्डातली माणसे एवढे काम हसत करतील. यावर आपल्या कार्यालयाने कळवले की, अशा कोणत्याही दगडाची नोंद आढळून येत नाही. ज्याची नोंद नाही तो लावता येत नाही. बाईंनी विचारले की, तो हरवला म्हणून उकंडाला मात्र घरी बसवता कसे येते? याचे उत्तर साहेबांना सुचल्यास कळवावे.

दगड अर्जदार बाईंनी उचलला, उकंडाने हरवला नाही, हे त्या येथे स्वतःहून लिहून देत आहेत. शिक्षा द्यायची तर ती बाईंना द्यावी आणि उकंडाला कामावर घ्यावे. दगड रेल्वेचा होता, तो बाई परत करत आहेत. गादी बाईंची होती, ती रेल्वेने परत करावी. याहून सरळ हिशेब अर्जलेखकाने नोकरीत पाहिला नाही.

९. लग्न येत्या अक्षय तृतीयेला आहे. वामनरावांनी निरोप धाडला आहे की, गादी नसली तरी वऱ्हाड येईल, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. माणूस चांगला आहे. मुलगी प्रियंका हीसुद्धा समजूतदार आहे. ती आईला म्हणाली, “मा, तू कायले रडून राह्यली? दुसरी भर. मी का त्या गादीवर मोठी झाली?” त्यावर अर्जदार बाई म्हणाल्या, “तिच्यावर नाही, तिच्यात झाली.” मग मुलगीही रडू लागली आणि त्या दिवशी कोणी जेवले नाही.

१०. तरी विनंती की, गादी आहे त्या स्थितीत, पट्ट्यांसह व नंबरासह, लग्नापूर्वी परत मिळावी. पट्टे चादरीखाली झाकले जातील. कमी झालेल्या रुईबद्दल बाईंची तक्रार नाही.

दगड चालत नसेल आणि डब्यापुढे काहीतरी मऊ असलेच पाहिजे, असा नियम असेल, तर अर्जदार बाईंनी एक पर्याय सुचवला आहे. अर्जलेखकाने तो लिहिण्यास नकार दिला, मग बाई उठून जाऊ लागल्या, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहितो. “गादी सोडा आन् तिच्या जागी मले बसवा. तुमचा बफर येईपर्यंत मी डब्याले पाठ लावून ठेवीन. पोरगी गेल्यावर मले घरात तसंही काय काम हाये?”

वरील मजकूर अर्जदार बाईंना वाचून दाखवला, तो बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले, फक्त रडल्याचे खोडा म्हणाल्या. खोडलेले नाही.

आपली नम्र, परंतु या वेळी उत्तर घेऊनच जाणारी,

(सही) रुखमाबाई देवराव गुल्हाने
सही बाईंनी स्वतः केली आहे, ओळ वर गेली आहे.

अर्जलेखक : अनंत भास्कर पांढरीपांडे, सेवानिवृत्त अव्वल कारकून, दारव्हा
दिनांक : ११ एप्रिल २००५

सोबत :
१) ग्रेडरच्या दाखल्याची नक्कल.
२) दगड, एक नग. बाईंनी तो हिवरढोकहून जीपमध्ये मांडीवर आणला आहे. नोंद करून परत द्यावा.
३) अर्जदार बाई. बाहेर व्हरांड्यात बसल्या आहेत.