सुलामावशींच्या टाचेतला काटा

तिसरी माळ, बुधवार संध्याकाळ

लोणीहून परत आले तरी तो काटा डोक्यातून जात नाही. सुलामावशींची शुगर तपासायला गेले होते. नवरात्राचे नऊ दिवस त्या अनवाणी असतात, हे मला माहीत होतं. पाय मात्र आज सहज पाहिला, तर टाचेत बाभळीचा अख्खा काटा आणि भोवती पू. शुगरनं पायाची जाणीवच गेलेली. कधी मोडला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "दुखतच न्हाई बाई, मग कसं कळावं?"

काटा काढला, जखम धुतली आणि रागाच्या भरात बोलून गेले, "आजपासून चप्पल घाला." त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला. चुकलंच माझं. थोरल्या लेकाच्या दुखण्यात बोललेला नवस, तो मोडा म्हणणारी मी कोण?

मग विचारलं, "मावशी, जाड पट्टी बांधली तर चालेल?"

त्यांनी पाय पुन्हा पुढे केला. मग म्हणाल्या, "वहाण घालायची न्हाई असं बोललेय. फडक्याला देवी काय म्हनायची न्हाई."

दोन्ही पायांना गादीसारखी पट्टी बांधली. सकाळी डॉक्टरांकडे यायचंही कबूल करून घेतलं.

पण शुगर असून अनवाणी राहणाऱ्या बाकीच्या बायकांचं काय? माझ्या वहीत सगळ्यांची शुगर आहे, तळवा एकीचाही पाहिलेला नाही. काटा मावशींना कळला नाही, आणि मला तरी कुठं कळला?

उद्या आरतीच्या आधी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन लोणीतल्या देवीच्या देवळाच्या पायरीवर बसणार. तिथं सगळ्यांचेच पाय उघडे असतात.