काजळी, शिसं आणि नोएलीनचा उजवा हात

११ मार्च, मंगळवार

नोएलीनच्या हातून आज बंदुकीच्या सायलेन्सरची चकती पडली. रॉकेलच्या ट्रेमध्येच पडली, बिघडलं काही नाही. पण नोएलीनच्या हातून!

ती ट्रेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रॉकेल जरा जास्तच तेलकट आलंय या वेळी."

तेलकट रॉकेल! मी हसले. ती हसली नाही.

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा. या वेळी सायलेन्सरच्या नळीचं झाकण फिरवताना. उजवा अंगठा आणि पहिलं बोट – चिमटीत जोरच येत नाही. तिने पटकन डावा हात लावला आणि मी पाहिलं नाही असं धरून चालली. मीही तसंच धरून चालले. हे बरोबर केलं का?

मोसम तोंडावर आहे. ईस्टरला सगळा माळ सशांच्या शिकारीला बाहेर पडतो, आणि त्याआधी रॅनफर्लीच्या आसपासचा प्रत्येक शेतकरी आपला सायलेन्सर घेऊन नोएलीनच्या दारात उभा. वर्षभर आठवण नसते. मग एकदम – "नोएलीन, फार आवाज करतोय गं, बघ ना जरा." माझा नवरा ग्रँट तर ससे मारायच्या कंत्राटांवरच जगतो, पण मोठ्या बहिणीशिवाय, म्हणजे नोएलीनशिवाय, कुणालाही आपल्या सायलेन्सरला हात लावू देत नाही. मलाही नाही!

शाळेत रसायनशास्त्र शिकवणं सोडून मी तिच्या वर्कशॉपमध्ये आले, तरी अजून मला मोठ्या रायफलींचेच सायलेन्सर मिळतात. त्यांत नुसती काजळी. टू-टूचे, म्हणजे सशांसाठीच्या छोट्या रायफलींचे, तिच्याकडे. टू-टूची गोळी उघड्या शिशाची, त्यामुळे आत काजळीबरोबर शिसंही बसतं, थरावर थर.

शिसं. दिवसभर हाच शब्द डोक्यात.

१६ मार्च, रविवार

वाचलं. शिसं अंगात साठलं की हाताचे स्नायू ढिले पडतात. मनगट लोंबतं. दुखत नाही. नोएलीनचंही दुखत नाही.

पण मग तिचं काम आठवतं आणि विश्वास बसत नाही. लिहूनच काढते, म्हणजे मी तिच्याशी न्यायाने वागतेय की नाही ते तरी कळेल.

ती नळी आधी तळहातावर तोलते. "पोटभर जेवलेला आहे," म्हणते. झाकण काढून लाकडी दांडक्याने चकत्यांची उतरंड मागून ढकलते – एकदम नाही, ऐकत ऐकत. चकत्या रात्रभर रॉकेलमध्ये. सकाळी पितळी पात्याने खरवडणं, तेही रॉकेलच्या आतच, हात मनगटापर्यंत बुडवून, लांब हातमोजे घालून. दुधाच्या पातेल्याची खरवड निघावी तसा शिशाचा थर सुटतो, करडा, लवचिक, आणि ती तो अखंड काढते! सफरचंदाची साल काढणाऱ्या माणसाचा गर्व असतो तिच्या तोंडावर. मी खरवडते तेव्हा तुकडे पडतात. निघालेलं सगळं झाकणाच्या डब्यात जातं, गाळ वेगळ्या पिंपात, आणि पिंप जातं घातक कचऱ्याच्या गाडीवर. जमिनीत थेंब नाही.

कोरडं काही चालत नाही. कोरडा ब्रश नाही, कोरडा झाडू नाही, फुंकर तर नाहीच. "शिशाची धूळ उडवणारा माणूस माझ्या दारातून धुळीसकट बाहेर जाईल." वर्कशॉपमध्ये बिस्किटाचा कण नाही. कामाचे कपडे तिथेच उतरवायचे. कोपरापर्यंत हात, मग तोंड, मग चहा, आणि चहा घरातच.

आणि हे सगळं ती गुपचूप करत नाही. नोएलीन काहीच गुपचूप करत नाही! येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते की न्यूझीलंडच्या अख्ख्या साउथ आयलंडमध्ये इतकं स्वच्छ काम दुसरीकडे दाखव, माझी बंदूक तुझी.

मग शिसं शिरलं कुठून?

२० मार्च, गुरुवार

आज डंकन आला. वरच्या खोऱ्यातला, मेंढ्यांवाला. पिकअपमधून उतरला तोच हातात बरणी घेऊन.

"नोएलीन, तुझं दुकान बंद पडणार बघ! मेव्हण्याने युक्ती सांगितली. व्हिनेगर, आणि त्यात केस सोनेरी करायचं ते पाणी. चकत्या बुडव, शिसं आपोआप पळतं."

"पळून कुठे जातं?"

"म्हणजे?"

"शिसं पळालं म्हणतोस ना? मग गेलं कुठे?"

डंकनने बरणीकडे पाहिलं. आत गढूळ पाणी. बरणीवर त्याच्या बायकोच्या अक्षरात 'प्लम'.

"हे फेकायचं कुठे तेच विचारायला आलो होतो," तो म्हणाला.

नोएलीनचा आवाज वाढला. "अरे गाढवा, शिसं घट्ट असतं तोवर गप्प पडून असतं. तू त्याला पाण्यात विरघळवून जागं केलंस! आता ते कातडीतून आत जातं. हातमोजे होते?"

"एक होता."

"एक?"

"दुसरा कुत्र्याने खाल्ला."

मला हसू आवरेना. नोएलीन मात्र हात पुढे करून उभी. "दे इकडे. आणि जॅमच्या बरणीत! हे चवीला गोड लागतं, ठाऊक आहे?"

"गोड?" डंकनने वाकून पाहिलं.

"चाखू नकोस, डंकन!"

तिने बरणी उजव्या हाताने घेतली आणि ती निसटायला लागली. मी खालून हात लावला. डंकनने पाहिलं. "काय गं, हाताला काय झालं?"

"तुझी अक्कल बघून लुळा पडला."

तिघंही हसलो. तिने त्याला साबणाने हात धुवायला लावले, दोनदा, बाजूला उभं राहून. पण पिकअपपाशी त्याने मला गाठलं. "टॅमसिन, तिला शिसं चढलंय का गं?"

मी नाही म्हणाले. मला काय ठाऊक होतं?

२६ मार्च, बुधवार

बाही वर केली होती तिने. दंडाच्या कातडीखाली काहीतरी सळसळत होतं. ती स्वस्थ बसली होती आणि स्नायू आपला आपणच उडत होता.

"बघतेस काय? ससा शिरलाय आत. ग्रँटला बोलाव."

हे ती दिवसभर सगळ्यांना दाखवत होती. सगळे हसले. मीही.

२ एप्रिल, बुधवार

बोलले शेवटी. तिने चहाचा मग दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, नोएलीन, रक्त तपासून घे. शिशासाठी.

आधी थट्टा केली. मग, अगदी हळू –

"आकडा वर आला तर लॅब आरोग्य खात्याला कळवते. मग ते लोक येतात. शिसं शोधायला माझ्या टेबलावर कापसाचे बोळे फिरवतात."

"फिरवू देत."

"ईस्टरच्या आधी?"

"ईस्टरचं काय घेऊन बसलीस!"

"ईस्टरचं नाही गं." तिने मग खाली ठेवला. "शिसं माझ्या अंगात असेल तर ते याच टेबलावरून आलं असणार ना? म्हणजे तुझं म्हणणं, मी घाण काम करते."

मी असं म्हटलं नव्हतं. पण तसंच म्हटलं होतं. तिच्या अंगात शिसं निघणं म्हणजे तिची आयुष्यभराची फुशारकी खोटी ठरणं – आणि मी तिला तेच शोधायला पाठवतेय.

५ एप्रिल, शनिवार

बोलत नाही. चहा करते, पण माझा मग माझ्याकडे सरकवत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

ग्रँटला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, "मी? ती अजून माझा कान धरते! तूच सांग. तुझं ऐकते ती."

"सहा दिवस बोललेली नाही माझ्याशी."

"म्हणजे ऐकलंय."

आमच्या गावच्या डॉक्टर फालेआतांना परस्पर फोन करावा असं दोनदा मनात आलं. नंबर काढला आणि ठेवून दिला. तिच्या पाठीमागे नाही. पण मला नक्की काय हवंय? ती बरी व्हायला हवीय, की माझं खरं ठरायला हवंय? आज दिवसभर हेच तपासतेय आणि उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतंय. हात तर रोज थोडा खाली जातोय.

१२ एप्रिल, शनिवार

बोलली!

"देते रक्त. दोन अटी. ईस्टरनंतर. आणि तूही द्यायचं. पोरांसमोर इतकी वर्षं कसल्या कसल्या वाफा उडवल्यास, तुझ्यात काय काय निघेल बघू या."

मी लगेच हो म्हटलं. मग तिने स्वतःच डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाली, "दोन बायका येतायत. एक स्वच्छ आणि एक मास्तरीण."

१७ एप्रिल, गुरुवार

उद्या गुड फ्रायडे. आज शेवटचे सायलेन्सर.

हे विसरायचं नाही मला. एक नळी कुणीतरी गेला अख्खा हिवाळा रायफलवरून काढलीच नव्हती. इथल्या माणसांची नेहमीची सवय! गाडीत टाकायची, दंव पडू द्यायचं, काजळी ओली होऊन आटे धरून बसते, आणि मग ईस्टरच्या आदल्या दिवशी पळत यायचं. दुसऱ्या कुणीही ती कापून काढली असती. नोएलीनने आट्यांच्या कडेला तेल सोडलं, ऊब दिली, थांबली. पुन्हा तेल. मग मला म्हणाली, "अंगठा दे इकडे."

"काय?"

"तुझा अंगठा. माझा रजेवर आहे."

तिने माझा हात नळीवर ठेवला आणि माझ्या मनगटाला धरून वळवायला सुरुवात केली. जोर माझा, हात तिचा. "थांब. आता ते विचार करतंय. आता परत. अगं मारामारी नको, मन वळव त्याचं." आणि आटा सुटला. इतका अलगद, की मला वाटलं माझाच हात सटकला.

मग तिने चकत्यांचा ट्रे माझ्यासमोर सरकवला. टू-टूचा ट्रे. मी पात्याने कडेला शिरले, ती कानाशी सांगत होती – "आडवं धर. आणखी आडवं." शिशाची साल अर्धीच अखंड निघाली. ती म्हणाली, "अर्धी तर अर्धी. मी पहिल्या वर्षी चुराच काढत होते." नोएलीन असं म्हणाली! तिच्या तोंडून मी हे आजवर ऐकलेलं नव्हतं.

ही बाई किती मोठी आहे हे मला रोज दिसत असतं, आणि रोज थोडं उशिराच दिसतं.

२० एप्रिल, ईस्टर

टेकड्यांवरून नुसतं टप् – टप्. कुठेच धडाका नाही. नोएलीन पायरीवर बसून ऐकत होती. "तो डंकनचा. तो ग्रँटचा. तो आपला, गुरुवारचा हट्टी." नुसत्या आवाजावरून!

२४ एप्रिल, गुरुवार

रक्त दिलं दोघींनी. सुई जाताना ती बघत होती. "नीट बघा डॉक्टर, काजळी दिसते का."

डॉक्टर फालेआता हसल्या. मग त्यांनी तिचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. अंगठ्याच्या मुळाशी उजवीकडचं मांस बसलंय, हे मला तेव्हा दिसलं. डॉक्टरांनी तिथे बोटाने दाबून पाहिलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

२ मे, शुक्रवार

शिसं नाही!

नाही म्हणजे नाहीच. ज्याने आयुष्यात बंदूक पाहिली नाही अशा माणसाइतकं. आणि माझं तिच्यापेक्षा जास्त! दोघींचं नगण्यच, पण जास्त ते जास्त. नोएलीनला हवं होतं तेच मिळालं.

"सांगितलं नव्हतं? शिशाची हिंमत नाही माझ्या अंगात शिरायची! मास्तरणीच्या अंगात शिरलं!" डंकनला फोन, पबमध्ये फोन, आरोग्य खात्यातल्या कुठल्या ओळखीच्या बाईलाही फोन – "या ना, बोळे फिरवा टेबलावर, मी चहा करते." ग्रँटने तिला उचलून वर्कशॉपभर फिरवलं. मी चीज रोल भाजले, ताटभर, लोणी हात न आखडता. तिने डाव्या हाताने पाच खाल्ले.

मी तिची माफी मागितली. म्हणाली, "अगं मागू नकोस. तू नेलं नसतंस तर मला हा कागद कसा मिळाला असता?" भिंतीवर लावणार आहे म्हणे, चौकटीत.

इतकी वर्षं, इतकं शिसं त्या हातांतून गेलं, आणि एक कण आत नाही. अशी शिस्त कुणाची असते? माझी नक्कीच नाही. आज मला तिच्या ट्रेपुढे उभं राहताना लाज वाटली नाही, अभिमान वाटला.

हाताचं बघायला डॉक्टरांनी डनीडनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलंय. मानेत एखादी नस दाबली गेली असेल.

१३ मे, मंगळवार

हिवाळा लागला, कडाक्याचं दंव. ती डाव्या हाताने खरवडायला शिकतेय. शिव्या उजव्याला, काम डाव्याकडून. आज अर्धी साल अखंड निघाली तर मला हाक मारून दाखवली – "बघ, आता दोघी सारख्या!"

२७ मे, मंगळवार

डनीडनहून आलो. नसांचा आजार आहे. हा हात, मग तो हात, मग पाय, मग गिळणं. औषधाने थोडा लांबतो, थांबत नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, शिसं निघालं असतं तर बरं झालं असतं, त्यावर उपाय असतो.

नोएलीनने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण हे माझ्या कामामुळे नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

ती खुर्चीत मागे टेकली. आणि मला वाटतं, त्या क्षणी ती खरोखर खूश होती.